जागा करणे : कार्यपद्धती क्रमांक ०१, आवृत्ती ०३

उद्देश : शेडमधल्या टॅबलेटमध्ये सॉफ्टवेअर अपडेटसाठी जागा मोकळी करणे.

व्याप्ती : सोलापूरहून पुण्याच्या रस्त्यानं बाळे, केगाव मागं टाकून चिंचोळी एमआयडीसीत शिरणाऱ्या आणि पत्र्याखाली चार-सहा मशीन व एक टॅबलेट सांभाळणाऱ्या सर्वांसाठी.

जबाबदारी : "पुरेशी जागा नाही" हा संदेश ज्याच्या हातात टॅबलेट असताना येईल, त्याची. आमच्याकडे तो माझ्या हातात असताना आला. तोवर दोन महिने तो संदेश प्रत्येकानं पाहिला होता आणि पुसून टॅबलेट पुढच्याकडे दिला होता. मालाची मापं ज्या ॲपमध्ये भरतो त्या ॲपनं "आधी टॅबलेट अपडेट करा" म्हणून हट्ट धरला, गुरुवारी ऑडिट होतं, आणि मी नेमका चहा संपवून रिकामा बसलो होतो.

पहिली अडचण तांत्रिक नाही. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथं "साठवण कमी करा" म्हणणाऱ्याकडे लोक तापात बडबडणाऱ्याकडे बघावं तसं बघतात. माझ्याच घरी मोठं पिंप, त्याच्या आडोशाला छोटं पिंप, हंडे, कळश्या आणि हे सगळं कमी पडलंच तर म्हणून झाकणासकट जपलेले रंगाचे डबे आहेत. अशीच माणसं सकाळी जेवणाचा डबा घेऊन शेडवर येतात. शेडच्या मागच्या रॅकमध्ये झिजलेली बेअरिंगं आहेत, तुटके पट्टे आहेत, दांडा नसलेला हातोडा आणि हातोडा नसलेला दांडा आहे. लागेल कधीतरी. (तो दांडा त्या हातोड्यात बसत नाही. बसवून पाहिलाय.) रॅकच्या वर फाइव्ह एसचा बोर्ड. जपान्यांच्या त्या पाच शिस्तींतली पहिली, सेइरी, एवढंच सांगते की लागणारं आणि न लागणारं वेगळं करा आणि न लागणाऱ्याला लाल चिठ्ठी लावा. आमच्या लाल चिठ्ठ्यांचं पाकीट त्याच रॅकमध्ये आहे, अजून न फोडलेलं.

तेव्हा टॅबलेट भरला याचं नवल करू नये. तो आमचाच रॅक आहे, फक्त काचेचा.

आता मोजमाप. खोक्यावर ३२ जीबी छापलेलं असतं, आत बघावं तर वापरायला त्याच्या बरंच खाली. मालक म्हणाले, दुकानदारानं टोपी घातली. घातलेली नाही. खोकं छापणारा एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो. संगणकाच्या जुन्या हिशेबात तोच जीबी १०७ कोटी ३७ लाखांच्या वर जातो, आणि त्या मापानं बत्तिसाचे २९.८ उरतात. त्यातून सिस्टिम आपला वाटा आधीच काढून घेते. एमआयडीसीत प्लॉट घेतलेल्याला हे वेगळं समजवावं लागू नये. कागदावरचे चौरस मीटर आणि कडेचं मार्जिन सोडून उभी राहिलेली शेड यातला फरक त्यानं खिशातून मोजलेला असतो. सिस्टिमची जागा म्हणजे ते मार्जिन. तिथं पत्रा ठोकायचा नाही.

अपडेट १.९ जीबीचा होता आणि आमची शिल्लक ६१० एमबी. म्हणजे सव्वा-दीड जीबी काढलं की झालं, असं आमच्या स्टोअरकीपर काकांचं गणित. मशीन शेडमध्ये उतरवताना मशीनएवढीच जागा लागते का काका, असं विचारल्यावर ते गप्प बसले. क्रेन वळायला लागते, पॅकिंगच्या फळ्या टाकायला लागते. अपडेटही आधी उतरतो, मग उलगडतो. ज्या टॅबलेटमध्ये नव्या आवृत्तीसाठी वेगळा कप्पा राखलेला नसतो, तिथं हे सगळं तुमच्याच जागेत चालतं. दुप्पट-अडीचपट मोकळं ठेवावं.

सुरुवात व्हॉट्सॲपपासून करावी, कारण तिथं भांडण कमी. सेटिंग्जमध्ये स्टोरेजच्या कप्प्यात 'मॅनेज स्टोरेज' आहे. तिथं ५ एमबीहून मोठ्या फायली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेला माल असे दोन ढीग आयते लावून ठेवलेले असतात. दुसरा ढीग बिनदिक्कत उचलावा. ही व्यथा चिंचोळीपुरती नाही. २०१८ च्या जानेवारीत 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं छापलं होतं की भारतात तीनातल्या एकाच्या फोनमधली जागा रोज संपते आणि गुगलच्या लोकांनी शोध घेतला तर त्यामागं शुभ सकाळची चित्रं निघाली. आमच्याकडे ती मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांत येतात, सोलापूरच ते. सूर्य तोच, गुलाब तोच, अक्षरं तेवढी वेगळी. पुसून झाल्यावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करावी. नाहीतर पिंप उपसायचं आणि नळ चालूच ठेवायचा, असा प्रकार.

डाउनलोडच्या फोल्डरात मात्र जपून. एकच ड्रॉइंग दर वेळी नव्यानं टिचकी मारून उघडलं की ते नव्यानं उतरतं, आणि नावापुढं कंसात एक, दोन, तीन असे आकडे चढत जातात. आमच्याकडे एका शाफ्टचं ड्रॉइंग अकरापर्यंत पोचलं होतं. शेवटचं ठेवा, बाकी काढा, हा सल्ला देणारे खूप भेटतील. त्यांना ड्रॉइंगच्या कोपऱ्यातला रिव्हिजनचा रकाना दाखवावा. आमच्या अकरातली नऊ 'सी' होती. दहावं आणि अकरावं कुणीतरी जुन्या मेलमधून उघडलेलं 'बी'. शेवटचं ठेवलं असतं तर आख्खा लॉट दोन शतांशानं वाया गेला असता, आणि टॅबलेटमध्ये जागा मात्र झाली असती.

तपासणीच्या नोंदींना हात लावू नये. वाहनांचे भाग बनवणाऱ्यांना लागू असलेलं आयएटीएफ १६९४९ हे मानक सांगतं की भागाच्या मंजुरीची, टूलिंगची वगैरे कागदपत्रं तो भाग उत्पादनात आणि सर्व्हिसमध्ये चालू असेपर्यंत आणि वर आणखी एक कॅलेंडर वर्ष सांभाळा. काकांना हे वाक्य वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. इतकी वर्षं ते नियमानंच वागत होते, फक्त हातोड्याच्या दांड्याबाबतही.

आता सर्वांत महत्त्वाचा टप्पा, आणि तो मी थोडा सावकाश सांगतो, कारण तो आम्ही चुकवला. ॲपच्या स्टोरेजमध्ये दोन बटणं शेजारीशेजारी असतात. 'क्लिअर कॅशे' म्हणजे लेथखालचा बुरादा झाडणं. तो उद्या पुन्हा पडणारच. 'क्लिअर डेटा' म्हणजे लेथच विकणं. मी हे सांगायला दुसऱ्या शिफ्टच्या पोराकडे वळेपर्यंत त्यानं दाबलेलं होतं.

"कुठलं दाबलास?"

"कॅशेत ऐंशी एमबीच हुती ओ. डेटात सव्वा जीबी दिसलालतं. म्हणून डेटा दाबलो की."

हिशेब म्हणून चूक काढता येत नव्हती. पण आमचा वायफाय ग्राइंडिंग मशीनच्या पलीकडे पोचत नाही, आणि त्यामुळं तीन दिवसांची मापं अजून टॅबलेटमधून पुढं गेलीच नव्हती. ती त्या सव्वा जीबीत होती. ऑडिटला दोन दिवस. पोरगं घामाघूम. मी खुर्चीवर. मालकांना कुणी सांगायचं यावर शेडमध्ये एकदम शांतता. कॉम्प्रेसर तेवढा चालू.

तेव्हा काका उठले, रॅकमागं गेले आणि एक गोणपाट ओढून आणलं. आत इन्सर्टच्या खोक्यांचे फाडलेले पुठ्ठे. आमचा जुना ऑपरेटर टॅबलेटवर विश्वास ठेवत नाही. मायक्रोमीटर वाचला की आधी हाताशी असेल त्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहितो आणि मग, साहेब बघत असतील तर, टॅबलेटमध्ये भरतो. २४.९८. २४.९९. २४.९९. २५.०१, आणि त्याच्या बाजूला तेलकट अंगठ्याचा ठसा, म्हणजे इथं त्यानं ऑफसेट दिला. तीन दिवसांचे सगळे पुठ्ठे होते. काकांनी ते का ठेवले होते हे विचारायची गरज नव्हती. रात्री अकरापर्यंत आम्ही ते आकडे परत भरले, आणि हे परत भरलेले आहेत अशी नोंद करून पुठ्ठे ऑडिटच्या फायलीत लावले. या प्रसंगानंतर कार्यपद्धतीच्या पहिल्या आवृत्तीतलं "अनावश्यक वस्तू निर्दयपणे काढाव्यात" हे वाक्य मी खोडलं. निर्दयपणे हा शब्द काढला, मग अनावश्यक काढला. मग वाक्यच गेलं.

राहिला भावनिक माल. २०२० मध्ये शाळा घरात भरत होती तेव्हा हा टॅबलेट मालकांच्या नातवाकडे होता. पाचवीची पुस्तकं, वहीच्या पानांचे फोटो, एक अर्धवट कासव. पोरगं आता कॉलेजच्या गोष्टी करतं, पण कासव पुसायला कुणी धजावेना. ते फोटो गुगलवर चढवून इथून काढावेत असं ठरलं. त्यातही पथ्य आहे : १ जून २०२१ पासून तिथली फुकट अमर्याद साठवण बंद झाली, आता मेलसकट सगळं मिळून १५ जीबी. आणि फोटो वर चढल्यावर तिथलं 'फ्री अप स्पेस' दाबावं. एकेक फोटो हातानं पुसत बसलात तर तो वरूनही जातो. शिवाय पुसलेलं लगेच मरत नाही, महिना-दोन महिने कचरापेटीत बसून राहतं आणि काही गॅलऱ्यांत तेवढी जागाही अडवतं. पेटी उपसावी लागते. क्लीनर नावाची ॲप्स घेऊ नयेत. झाडू ठेवायला वेगळी खोली बांधण्यातला तो प्रकार.

सर्वांत मोठ्या फायली गड्ड्याच्या होत्या. जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेचे मालकांनी उभं राहून काढलेले व्हिडिओ : सात नंदीध्वज, सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, आणि शोभेच्या दारूकामाची बावीस मिनिटं, ज्यात बराच वेळ पुढच्या माणसाची टोपी दिसते. एकूण चार जीबी आणि वर काही. हे पुसा म्हणायची माझी छाती नाही, तुमचीही नसावी. पेनड्राइव्हवर घ्यावं, पेनड्राइव्हला दोरी बांधावी, चिठ्ठी लावावी. लाल नको.

हे सगळं झाल्यावर आमच्याकडे नऊ जीबी मोकळी झाली. लगेच अपडेट सुरू होईल असं मात्र समजू नये. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांना आड येते म्हणून सोलापूर वर्षानुवर्षं भांडलं. १५ जून २०२३ ला ती खाली बसायला काही सेकंद लागले, आणि प्रवासी विमान गोव्याला उडायला जून २०२५ उजाडला. चिमणी ज्यांची होती त्यांचं दुःख वेगळं, ते इथं मांडत नाही. टॅबलेटचं एवढंच की जागा झाल्यावर त्याला निम्म्याहून जास्त चार्जिंग हवं असतं, वायफाय हवा असतो, आणि वीज जाणार नाही अशी एक रात्र हवी असते. आम्ही टॅबलेट ऑफिसच्या खिडकीत, इन्व्हर्टरच्या पिनेला लावून, वर "हात लावू नये" असं खडूनं लिहून ठेवला. पहिल्या रात्री कुणीतरी मोबाइल चार्ज करायला पिन काढली. दुसऱ्या रात्री मी तिथंच झोपलो.

गुरुवारी पहाटे अपडेट झाला होता. ॲप उघडलं, ऑडिटर आले, पुठ्ठ्यांकडे बराच वेळ बघत राहिले आणि सही करून गेले.

शुक्रवारी सकाळी मालक माझ्या टेबलाशी आले. हातात दोरी बांधलेला पेनड्राइव्ह.

"हे व्हीएमसी मशीनला प्रोग्राम टाकायला लागलालंय. रिकामा करून द्या."

"अहो, त्यात गड्ड्याचे व्हिडिओ आहेत."

"मग टाका की टॅबलेटमध्ये. तिथं जागा झालीय म्हणे."