कश्यपाची अठरा वर्षं आणि आपली बाराशे

सिगिरियाच्या पायथ्याशी आलेला माणूस आधी "काय ही गर्दी!" म्हणतो आणि मग त्याच गर्दीत रांग लावतो. श्रीलंकेतल्या या एकांड्या खडकावर चढायला साधारण बाराशे पायऱ्या आहेत. हंगामात त्यांतल्या प्रत्येक पायरीवर आपल्या नाकासमोर कुणाची तरी घामाने भिजलेली पाठ असते. १९८२ साली जागतिक वारशाच्या यादीत नाव गेलं आणि पर्यटकांनी जागेची वाट लावली, असा एक सार्वत्रिक सूर आहे. तो लावणारे स्वतः पर्यटकच असतात, हे सोडून देऊ. माझं म्हणणं असं की, सिगिरियावर उपरा कुणी असेल तर तो राजा. पर्यटक हे तिथलं जुनं कूळ आहे. कसेल त्याची जमीन, तसा चढेल त्याचा खडक हा न्याय लावला, तर सातबारा त्याच्याच नावावर करावा लागेल.

कागदपत्रं तपासू. कश्यपाने बाप धातुसेन याला मारून गादी बळकावली ती ४७७ साली. हक्काचा वारस असलेला त्याचा भाऊ मोग्गलान जीव वाचवून भारतात पळाला. तो आज ना उद्या फौज घेऊन येणार, या धास्तीने कश्यपाने भोवतालच्या रानापासून सुमारे १८० मीटर उंच खडकाच्या माथ्यावर राजवाडा उभारला. माथ्यावर तलाव, पायथ्याशी बागा आणि कारंजी, वाटेत विटांचा अवाढव्य सिंह. त्या सिंहातूनच वर जायचं. आज सिंहाचे दोन पंजे तेवढे उरलेत, पण त्यांच्या नखांशेजारी उभं राहिलं तरी बांधणाऱ्याची घाबरगुंडी किती मोठी होती ते कळतं. एवढा खटाटोप केला, आणि ४९५ साली मोग्गलान खरोखरच आला तेव्हा हे महाराज खडक सोडून खाली मैदानात लढायला उतरले आणि संपले. ज्या एका दिवसासाठी गड बांधला, त्या दिवशी तो वापरलाच नाही. मोग्गलानाने राजधानी परत अनुराधपुरला नेली, खडक भिक्खूंना देऊन टाकला. म्हणजे राजाचा ताबा सगळा मिळून अठरा वर्षांचा.

पर्यटकाचा ताबा मात्र लेखी आहे. वर जाताना एका बाजूला जी भिंत लागते, तिचा चुन्याचा गिलावा इतका घोटलेला होता की तिला आरसेभिंतच म्हणतात. पुढे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तिच्यावर बारीक अक्षरांत ओळी कोरून ठेवल्या. सेनरत परणवितान या विद्वानाने आठव्या ते दहाव्या शतकातल्या अशा ६८५ रचना वाचून काढल्या आणि १९५६ साली त्यांचे दोन खंड ऑक्सफर्डकडून निघाले. लिहिणाऱ्यांत भिक्खू आहेत, शिपाई आहेत, बायकाही आहेत. विषय बहुतांशी एकच: वरच्या कपारीत रंगवलेल्या सुंदरी. ती बोलत का नाही, तिने माझं काळीज कसं नेलं, वगैरे. कुणी नुसतं नाव-गाव सांगून आपण आलो आणि पाहिलं एवढीच नोंद करतो. एका गृहस्थाने तर कळवलंय की, बाकी सगळ्यांनी कविता केल्यात म्हणून आपण काही करत नाही. हेही त्याने भिंतीवर कोरूनच कळवलं. असा माणूस आजच्या कुठल्याही सहलीच्या बसमध्ये सापडेल, बहुधा खिडकीशी.

यावर लगेच उत्तर येतं की, ते कवी होते, आमचे लोक बाण घुसलेला बदाम कोरतात. कबूल. पण ६८५च्या ६८५ रचना काही अभिजात नसणार. शे-हजार वर्षं टिकलं की कशालाही भारदस्तपणा येतो. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली आपलं नाव कोरलं. तेव्हाचा तो निव्वळ आगाऊपणा, आज मात्र लेणी 'सापडल्याचा' पुरावा म्हणून दाखवला जातो. उलट २०१५ साली याच आरसेभिंतीवर नाव ओरखडणाऱ्या एका तरुणीला दोन वर्षांची शिक्षा झाली. पुढे राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली म्हणून ती सुटली. भिंत तीच, हौसही तीच. आधीच्यांना ऑक्सफर्ड, हिला तुरुंग.

मग काय, प्रत्येकाच्या हाती खिळा द्यायचा? मुळीच नाही. कूळ असलं म्हणून भिंती खरवडायचा हक्क मिळत नाही, आणि भिंतीवरची जागा कधीच संपलीय. १९६७ साली कुणी तरी त्या सुंदरींवर रंग फासला, तेव्हा लुचियानो मरांझी या इटालियन तज्ज्ञाला बोलवावं लागलं. कायदा हवाच, आणि कडक हवा. माझी तक्रार कायद्याविरुद्ध नाही, नाक मुरडण्याविरुद्ध आहे.

शेवटचा आक्षेप शांततेचा: माणसं हटवा, म्हणजे जागा 'मूळ स्वरूपात' अनुभवता येईल. मूळ स्वरूप म्हणजे काय, तर भावाची फौज दिसते का म्हणून क्षितिज न्याहाळणारा एक धास्तावलेला माणूस. माथ्यावरून दिसणारं ते हिरवं रान नुसतं बघण्यासाठी बघायचं, ही चैन करायला फुरसत मिळाली ती पुढे आलेल्या आगंतुकांना. आणि आवाज कमी करायचा, तर त्याची व्यवस्था खडकानेच ठेवली आहे. कड्याला गांधीलमाश्यांची पोळी आहेत, आवाज केल्यास त्या हल्ला करतील अशा पाट्या आहेत, आणि वेळ आलीच तर लपायला जाळीचे पिंजरेही आहेत. 'शांतता राखा' ही पाटी आपण देवळापासून वाचनालयापर्यंत सगळीकडे वाचतो आणि तिच्याखाली उभे राहून मोठ्याने बोलतो. इथे मात्र अंमलबजावणी करणाऱ्यांकडे वशिला चालत नाही, त्यामुळे फोनवर ओरडणारा माणूससुद्धा घरी कुकर लावायच्या सूचना कुजबुजत देतो.