पाना आजन्म, बिल उन्हाळाभर

धुळ्याच्या कुठल्याही हार्डवेअरच्या काउंटरवर हे ऐकायला मिळतं : "वॉरंटी आहे ना, लाइफटाइम आहे. बिल आणलंय का?" यातला पहिला भाग हसून म्हणायचा असतो, दुसरा मान वर न करता.

आमच्या साक्रीचे महामार्गावरचे गॅरेजवाले जिभाऊ बिल आणतात. माणूस शिस्तीचा. रिंग पाना तुटला की ते दोन्ही तुकडे फडक्यात बांधतात, टिनच्या डब्यातून पिशवी काढतात, पिशवीतून पाकीट, पाकिटातून घडी. घडी उलगडतात आणि काउंटरवर एक पांढराशुभ्र कागद ठेवतात. पोरगा तो सुलटा बघतो, उलटा बघतो, ट्यूबलाइटसमोर धरतो. "काका, यात बिल कुठंय?"

"बिल हाईच शे, भाऊ," जिभाऊ म्हणतात. "अक्षरं उडी गयात."

आता हसू नका. तुमच्याही कपाटात असे कोरे कागद आहेत. फ्रिजचं, मिक्सरचं, बोअरच्या मोटारीचं, बॅटरीचं. तुम्ही फक्त अजून ते उघडून पाहिलेले नाहीत.

या बिलात शाई नसतेच. कागदावर एका रंगहीन रंगाचा आणि एका आम्लधर्मी पदार्थाचा पातळ थर दिलेला असतो. मशीनचं तापलेलं डोकं जिथं टेकतं तिथं दोघं वितळून एकमेकांत मिसळतात आणि काळं उमटतं. म्हणजे उष्णतेनं लिहिलेलं हे लिखाण, आणि त्याची शत्रूही उष्णताच. शिवाय ऊन, तेल, सॅनिटायझर आणि मऊ प्लास्टिक. आता गॅरेजात काय काय असतं ते मोजा. पत्र्याचं छप्पर असतं, मे महिन्यात बाहेर पारा बेचाळीसच्या वर आणि आत त्याहून जास्त असतो, माणसाची बोटं पहाटेपासून ग्रीसमध्ये असतात, आणि महत्त्वाचे कागद ठेवायला मऊ प्लास्टिकची पिशवी असते. या कागदाचा खून करायचा कट कुणी बसून रचला असता, तरी त्याला यापेक्षा चांगली जागा सुचली नसती.

जिभाऊंनी काय काय केलं ते सांगतो, कारण त्यात एका सरळ माणसाची सगळी बुद्धी खर्ची पडली आहे. पहिलं बिल त्यांनी गल्ल्यात ठेवलं. गल्ला पत्र्याचा, पत्र्यावर ऊन. बिल पाडव्यापासून फिकं पडायला लागलं आणि वैशाखात गेलं. दुसरं त्यांनी घरी देवघरात ठेवलं, कुलदेवतेच्या टाकामागं. तिथं समईची ऊब आणि तेलाचा ओशटपणा. देवीनं बिल ठेवून घेतलं, अक्षरं परत दिली नाहीत. मग कुणीतरी शहाण्यानं सांगितलं की लॅमिनेशन करून घ्या, जन्मभर टिकेल. जिभाऊ स्टँडजवळच्या दुकानात गेले, कागद तापलेल्या रुळांतून सरकला आणि दुसऱ्या बाजूनं पाटीसारखा काळा कुळकुळीत बाहेर आला. तापलं की काळं होणं हाच त्याचा धर्म. त्यानं तो पाळला. दुकानदारानं लॅमिनेशनचे पैसे घेतले, कारण लॅमिनेशन उत्तम झालं होतं. त्यानंतरचं बिल जिभाऊंनी फ्रिजमध्ये ठेवलं, दह्याच्या शेजारी. घरच्यांनी विचारलं हे काय, तर म्हणाले, वॉरंटी. हे बिल खरोखर टिकलं. पण त्या पान्याला काही झालंच नाही. तो अजून धडधाकट आहे आणि त्याचं बिल गारव्याला विसावलंय. तुटला तो दुसराच, देवीकडं बिल असलेला.

"मग झेरॉक्स काढून ठेवायची ना काका," असं काउंटरवरचा पोरगा म्हणतो. काढली होती. ती जिभाऊंकडं आहे, ठसठशीत, तारखेसकट. ती चालत नाही. अटीत लिहिलंय, मूळ बिल. मूळ दाखवलं तर कोरं, कोरं नाही ते दाखवलं तर मूळ नाही.

आणि हे बिल जरा पालथं करून बघा. मागच्या बाजूला अटी आहेत. त्या छापखान्यात खऱ्या शाईनं छापलेल्या असतात, रोल दुकानात यायच्या आधीच. त्या उडत नाहीत. पुढच्या बाजूचं तुमचं नाव, तारीख, किंमत, वस्तू, म्हणजे तुम्ही पैसे दिलेत एवढं सांगणारं जे काही होतं ते सगळं गेलं. मागच्या बाजूला ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे जिथल्या तिथं आहे. तुमचं म्हणणं तापानं गेलं, त्यांचं म्हणणं अबाधित. एकाच कागदाच्या दोन बाजू, आणि त्यातली नेमकी कोणती पक्क्या शाईची करायची हे ठरवणारा माणूस मला एकदा भेटायला हवा. चहा पाजीन त्याला. कोंडाईबारीच्या घाटात नेऊन पाजीन, भर दुपारी, आणि येताना चालत सोडीन.

बरं, मुळात बिल हवंय कशाला? पान्यावर कंपनीचं नाव ठोकलेलं आहे. माप ठोकलेलं आहे. क्रोम व्हॅनेडियम असं ठोकलेलं आहे. माल कंपनीचा, हे पोलादावर कंपनीच्याच हातचं लिहिलेलं. उरली तारीख. एक वर्षाच्या वॉरंटीला तारीख लागते, समजू शकतो. वर्ष संपलं की नाही ते बघायचं असतं. आजन्म वॉरंटीला तारीख कशाला? काल घेतला काय आणि बाबांच्या वेळी घेतला काय, जन्म चालूच आहे ना? यावर उत्तर येतं की वॉरंटी फक्त मूळ खरेदीदाराला आहे, म्हणून बिल. म्हणजे बाप गेला की पाना पोरका. जन्म कुणाचा हेही विचारू नका. बारीक अक्षरांत लिहिलंय की पान्याचा, आणि तुटला तिथं तो संपला. आणि पान्यावर पाइप चढवून जोर लावला असेल तर तो ‘अयोग्य वापर’. कांद्यानं भरलेल्या ट्रकच्या चाकाचा गंजलेला नट घाटात, रात्री, पाइपाशिवाय खोलून दाखवणारा माणूस या कंपन्यांच्या कचेरीत असेल तर त्याला साक्रीला पाठवा. त्याची राहायची सोय जिभाऊ करतील.

कायदा आहे, नाही असं नाही. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. बिल न देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा आहे, म्हणजे कागदाच्या मागच्या बाजूचं ते पक्क्या शाईचं वाक्य सदोष पान्यापुरतं तरी कायद्याच्या विरोधात छापलंय. ग्राहक जिथं राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायचं. सगळं चांगलं आहे. पण गॅरेज बंद ठेवून पन्नास-पंचावन्न किलोमीटर धुळ्याला जायचं, वकील नको म्हटलं तरी लिहिणारा हवा, तारखा घ्यायच्या, आणि हे सगळं काही शे रुपयांच्या पान्यासाठी. नाही जात कुणी. आजन्म वॉरंटीचं सगळं गणित या ‘नाही जात कुणी’वर बसवलेलं आहे. लाखो पाने विकायचे, जन्मभराचं वचन द्यायचं, आणि वचन मागायला येणाऱ्याच्या वाटेत एक असा कागद ठेवायचा जो आपोआप मरतो. कुणाला काही करावं लागत नाही. खान्देशचा उन्हाळा फुकटात काम करून देतो.

पान्याचं एक वेळ सोडा. पाना तुटला तर जिभाऊ वेल्डिंग मारून चालवतात. पण आमच्या पिंपळनेर भागात कांद्याचं बी घेणारा शेतकरी कुठं वेल्डिंग मारणार? दर हंगामात त्याला सांगतात, बियाण्याचं बिल, पिशवी आणि टॅग जपून ठेवा, फसवणूक झाली तर पंचनाम्याला लागेल. छान सल्ला आहे. उन्हाळ कांद्याचं बी दिवाळीच्या आगेमागे टाकायचं, रोप तयार करायचं, लावणी करायची, आणि कांदा हातात यायचा मार्च-एप्रिलमध्ये. बी खोटं निघालं हे कळतं ते तेव्हा, शेतात सगळीकडं डोंगळे उभे राहिल्यावर, नाहीतर काढणीला जोडकांदा निघाल्यावर. तोवर बिल माळ्यावर पत्र्याखाली पडून पांढरं झालेलं असतं. पिशवी आहे. टॅग आहे. तोही छापील, छान, रंगीत. फक्त हे बी या माणसाला या दुकानानं या दिवशी इतक्या पैशाला विकलं, एवढं एकच कुठं लिहिलेलं उरत नाही. खताचंही तेच, अंगठा मशीनवर लावून घेतात, त्या अंगठ्याची नोंद कायमची, आणि हातात मिळते ती चिठ्ठी महिन्या-दोन महिन्यांची. अंगठा आमचा पक्का, अक्षर त्यांचं कच्चं. सावकाराच्या काळात निदान दोन्ही पक्की असायची. या एका गोष्टीवर मी दर दोन-तीन महिन्यांनी लिहितो आणि संपादक कापतात. आज पान्याच्या पोटात लपवून आणलंय.

तर उपाय. उपाय आमच्याच खान्देशात आहे, फक्त थोडा जुना आहे. चाळीसगावजवळ पाटणला एक शिलालेख आहे, शके ११२८चा. एका मठाला दिलेल्या दानाची नोंद. शेवटचा भाग तर चक्क मराठीत आहे. आठशेपेक्षा जास्त उन्हाळे त्यानं काढले, खान्देशातलेच, आणि तो वाचता येतो. त्याला कुणी फ्रिजमध्ये ठेवलं नाही. हे ऐकल्यावर जिभाऊंनी त्याच संध्याकाळी पाटे-वरवंटे टाकणाऱ्या एका पाथरवटाला गाठलं. बिल दगडावर करून घ्यायचं ठरलं. पाथरवट अक्षराचा भाव सांगतो, म्हणून मजकूर बसवायला मी गेलो. दुकानाचं नाव टाळता येत नाही. जीएसटी नंबर पंधरा अक्षरी, तोही टाळता येत नाही. मालाचा कोड ८२०४, कारण हातानं चालवायचे पाने सरकारदरबारी त्या घरात राहतात. मग केंद्राचा कर ९ टक्के, राज्याचा कर ९ टक्के, दोन वेगळ्या ओळींत, कारण एका ओळीत १८ लिहिलं तर बिल चुकीचं ठरतं. दगड एक फूट वाढला. वर चंद्र आणि सूर्य कोरायचे ठरले. जुन्या दानलेखांत असतात ना, हे दान चंद्र-सूर्य आहेत तोवर चालेल असं सांगायला. आजन्म वॉरंटी म्हणतात ती खरी ही. यात कुणाचा जन्म, असा प्रश्न यायचा नाही. बारीक अक्षरांत सूर्याची व्याख्या करायला अजून कुणी धजावलेलं नाही. आणि खाली गाढव. जुन्या काळी असं दान कुणी मोडलं तर त्याच्या घराण्याचं गाढव काय करील हे चित्रासकट कोरून ठेवायची पद्धत होती, गधेगाळ म्हणतात. ते चित्र घरात येणाऱ्या पेपरात छापण्याजोगं नाही, पण वाचकांनी ते दगडी मूळ एकदा बघावं. करार कसा लिहावा हे त्या लोकांना कळत होतं. त्यांनी अटी मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ठेवल्या नाहीत. पुढं, मोठ्या, आणि गाढवासकट ठेवल्या. जिभाऊंना गाढव इतकं आवडलं की कर वजा करून गाढव मोठं करता येईल का, असं त्यांनी विचारलं. येणार नाही, मी म्हटलं. कराशिवाय बिल चालत नाही.

पाथरवटाचं काम चालू आहे. दरम्यान कंपनीला मेल गेला होता, त्याचंही उत्तर आलं. वॉरंटीचा दावा विचारात घेतला जाईल, मात्र मूळ बिल आणि सदोष वस्तू ग्राहकानं स्वखर्चानं पाठवावी. ठीक आहे. कुरिअरवाल्याला विचारलं, दगड घेशील का? म्हणाला, चार माणसं चढवायला द्या, घेतो, वजनावर पैसे. पावती मिळेल ना? मिळेल की, म्हणाला, आणि कमरेचं छोटं मशीन थोपटून दाखवलं. त्यातून कर्र करत एक पांढरी चकचकीत पट्टी नमुन्यादाखल बाहेर आली.

जिभाऊ पाथरवटाकडं वळले. दुसरी शिळा कधीपर्यंत होईल, विचारत होते.