घनता मोजण्याची खात्रीलायक पद्धत

घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. शाळकरी पोरालाही पाठ असतं. वस्तुमान काटा सांगतो, आकारमान बाटलीवर छापलेलं असतं, मग चुकायला वाव कुठे, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका. वाव भरपूर आहे; थोडी चिकाटी हवी.

प्रथम स्पेसिफिक ग्रॅव्हिटीची बाटली मिळवावी. 25 मिलीची, घासून बसवलेल्या काचेच्या बुचाची, बुचाला मधोमध बारीक आरपार छिद्र. ज्या त्या बाटलीचं बूच ठरलेलं असतं. पण धुतल्यावर सगळी बुचं एकाच बीकरमध्ये जमतात, त्यातलं हाताला येईल ते उचलावं. '25' हा आकडा ब्रह्मवाक्य मानावा. काही संशयी माणसं आधी बाटलीत डिस्टिल्ड वॉटर भरून वजन करतात आणि त्या तापमानाच्या पाण्याच्या घनतेने भागून बाटलीचं खरं आकारमान काढतात: 20 अंशांना 0.9982, 30 अंशांना 0.9957. एवढ्याशा फरकाने 25 मिलीमागे साठेक मिलिग्रॅम इकडचे तिकडे होतात. तिकडे दुर्लक्ष करावं, आणि उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत लिहावं.

बाटली मुठीत घट्ट धरावी. आत अल्कोहोल असेल तर उत्तमच. ते दर अंशाला साधारण हजारांश भागाने फुगतं. छिद्रावर थेंब येईल, टिपकागदाने टिपावा. पुन्हा येईल, पुन्हा टिपावा. बाटली काट्यावर ठेवली की द्रव थंड होऊन छिद्रात खाली उतरतो. तेव्हा मघाशी आपण टिपलं ते काय, याचा विचार करत बसू नये. शेवटचा आकडा सारखा घसरत असेल, तर अल्कोहोल उडून चाललंय. पुस्तकातल्या 0.789 शी हिशेब जुळेल त्या क्षणी रीडिंग घ्यावं.

पावडरीची गोष्ट वेगळी. तिथे एकाच वस्तूला दोन-तीन घनता असतात आणि सगळ्या खऱ्या असतात. सिमेंटच्या कणाची घनता सुमारे 3.15, पण 50 किलोची गोणी जवळपास 35 लिटर जागा खाते, म्हणजे घनता 1.44 च्या आसपास. बाकीची जागा हवेची. मेझरिंग सिलिंडरमध्ये पावडर हलकेच ओतली तर एक आकडा येतो, सिलिंडर ठोकत राहिलं तर दुसरा. पीठ मावेना की घरी डबा ओट्यावर आपटतात; प्रयोगशाळेत यालाच टॅप्ड डेन्सिटी म्हणतात आणि आपटायला यंत्र घेतात. कुठला आकडा सांगायचा हे विचारणारा पावडर विकत घेतोय की पोत्यांसाठी गोदाम भाड्याने देतोय, ते पाहून ठरवावं.

कणांमधली हवा हाकलायची तर पावडर द्रवात बुडवावी लागते. द्रव असा हवा की पावडर त्यात विरघळणार नाही आणि त्याच्याशी भांडणार नाही. मिठाला पाणी चालत नाही. सिमेंटलाही नाही, म्हणून भारतीय मानक 4031 च्या भाग 11 मध्ये ले शातलिए फ्लास्कात रॉकेल भरायला सांगितलंय. लांब मानेचं हे भांडं, मानेच्या मध्येच फुगा. रॉकेल खालच्या खुणांपर्यंत भरायचं आणि चौसष्ट ग्रॅमच्या आसपास सिमेंट चिमटी-चिमटीने सोडायचं. एकदम ओतलं तर ते मानेतच अडकतं आणि आपण सळईसाठी धावाधाव करतो. मग फ्लास्क तिरका धरून गोल गोल फिरवावा, बुडबुडे वर येईपर्यंत. जो बुडबुडा राहील त्याची गणना सिमेंटमध्ये होते आणि घनता कमी भरते. पण फिरवून फिरवून हात दुखायला लागले की बुडबुडे संपले असं समजण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे.

रॉकेल मिळत नाही, पाणीच वापरू, असा विचार आला तर जरूर वापरावं. फ्लास्क दुसऱ्या दिवशी टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून कामी येईल. काट्याच्या तबकात सांडलेलं सिमेंट मात्र ओल्या फडक्याने पुसू नये.