तळ गाठणारे सर

अंबाजोगाईत ‘अहो सर’ अशी हाक मारली की निम्मा चौक वळून बघतो. मराठवाड्याचं पुणे म्हणवून घ्यायचं तर एवढे सर लागतातच. त्यांतले काही ‘विवेकसिंधु’ शके १११० चा की नंतरचा यावर अजून भांडतात, काही निवृत्तीनंतर प्लॉटिंगमध्ये पडतात आणि काही दौरा आखतात. दौरा आखणारे सर ओळखायला सोपे. खिशात घडी घालून घालून चिरलेला कागद असतो आणि कपाटात पासपोर्ट असतो. पासपोर्टची मुदत संपत आलेली, आतली पानं कोरी.

पूर्वी ही मंडळी काश्मीर आखायची, मग युरोप. पण आता गल्लीतला जो तो स्वित्झर्लंडच्या बर्फात स्वेटरवर साडी नेसलेल्या बायकोचा फोटो दाखवतो. युरोपात आखण्यासारखं काही उरलंच नाही. मी सांगतोय त्या सरांनी म्हणून एकदम समुद्राच्या खालचा भाग घेतला. तीन महिने, स्कूबा डायव्हिंग, जमतील तेवढे समुद्र.

समुद्र इथून रस्त्याने चारशे किलोमीटरच्या पुढे. साधी रेल्वे पकडायची तरी परळी गाठावी लागते. पण सर भूगोलाचे. अनुतट प्रवाळ, रोधक प्रवाळ, कंकणद्वीप या आकृत्या त्यांनी नोकरीभर फळ्यावर काढल्या. ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचतं, भोवतीचं प्रवाळ वाढत राहतं आणि शेवटी पाण्यात नुसतं कडं उरतं, हा डार्विनचा १८४२ चा सिद्धांत त्यांनी इतक्या तुकड्यांना शिकवला, की मालदीव आपल्याच तासाला खचलं असं त्यांना वाटत असावं.

पोहणंही येतं. पाठीला वाळका भोपळा बांधून मळ्यातल्या विहिरीत शिकलेलं पोहणं आहे ते. गळाला न लागणारी घागर वर काढायची असली की आळीतले लोक त्यांनाच बोलवायचे. या भांडवलावर त्यांनी कोर्स करायचं ठरवलं. पहिल्या प्रमाणपत्रावर १८ मीटरच्या खाली जाता येत नाही असं कळलं, तेव्हा मला वाटलं सर हिरमुसतील. छे! ‘१८ मीटर म्हणजे ६० फूट. ६० फुटांत तिथं कासवं, शार्क, सगळं दिसतं. आपल्या दारातलं बोअर साडेचारशे फूट गेलं. काय निघालं? फुफाटा!’ हे बोअर सातव्या वेतन आयोगाच्या फरकातून मारलेलं. कागदावर तो हप्ता खरं तर तांबड्या समुद्राच्या नावे होता.

‘तिथं ऑक्सिजनचं नळकांडं पाठीला लावतेत म्हणं,’ असं चहाच्या टपरीवर कुणी म्हणालं की सर कप खाली ठेवतात. नळकांड्यात नुसता ऑक्सिजन नसतो, साधी हवा दाबून भरलेली असते. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो, नायट्रोजन रक्तात मुरतो, म्हणून वर येताना घाई करायची नाही. ५ मीटरवर तीन मिनिटं मुक्काम करायचा, मांजरसुंब्याला एसटी थांबते तसा. डायव्हिंग संपल्यावर पुढचे १८ तास विमानात बसायचं नाही. सरांच्या कागदावर यासाठी एक अख्खा दिवस राखून ठेवलेला आहे. दुसरा अर्धा दिवस त्यांनी स्वतःच्या अधिकारात वाढवला, कारण अंबाजोगाई बालाघाटाच्या पठारावर आहे आणि मुंबईला उतरून लगेच एवढं वर चढावं का, याचं उत्तर त्यांना कानाच्या डॉक्टरांकडूनही मिळालं नाही. डॉक्टरांनी कान तपासले, फॉर्म वाचला आणि विचारलं, ‘कुठल्या समुद्रात जायलात?’

‘ते ठरायचंय,’ सर म्हणाले.

ठरत नाही, कारण प्रत्येक समुद्राचे महिने वेगळे. थायलंडची सिमिलन बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद. फिलिपिन्सचं तुब्बताहा मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच, तेही बोटीवर मुक्काम करून. इंडोनेशियातलं राजा अंपात ऑक्टोबर ते एप्रिल. गलापागोसला व्हेल शार्क बघायचा तर जून ते नोव्हेंबर. आता हे सगळं आमच्याकडच्या वर्षाला लावून बघा. जूनमध्ये मृग. रान बटईनं दिलेलं असलं तरी बांधावर उभं राहून ‘अजून वाफसा न्हाई’ म्हणायला मालक लागतो. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी. मार्गशीर्षात योगेश्वरीचा उत्सव. एप्रिल-मेमध्ये लग्नं, आणि आमच्या भागात आहेर चुकला तरी चालतो, पंगत चुकलेली पुढच्या पिढीलाही ऐकून घ्यावी लागते. राहिला फेब्रुवारी. फेब्रुवारीत मालदीवचं पाणी नितळ असतं, हे सर डोळे मिटून सांगतात. पण फेब्रुवारीत नातीची बारावी. तिला भूगोल नाही, तरीही.

काकूंचा विरोध नाही. त्यांना फक्त हिशेब लागत नाही.

‘पाण्याखाली किती वेळ राहता?’

‘पाऊण तास.’

‘दिवसातून?’

‘तीनदा.’

‘मग बाकीचा दिवस?’

‘बोटीवर बसायचं. अंगातला नायट्रोजन निघून जायला.’

‘ते घरी बसूनबी निघल की.’

सरांनी यावर नायट्रोजनाचं कोष्टक काढून दाखवलं. काकू तोवर दळण घेऊन गेल्या होत्या.

योगेश्वरी ही कोकणातल्या कितीतरी घरांची कुलदेवता. कोकणस्थ मंडळी एवढ्या लांबून ओटी भरायला येतात. सरांना ही आयतीच सोय वाटते. देवळाबाहेर कुणी नाकात बोलताना दिसलं की सर पुढे होतात. ‘काय म्हणतोय समुद्र? पाणी कसंय सध्या तुमच्याकडं?’ एकदा एका गृहस्थांनी कळवळून सांगितलं, ‘काही विचारू नका हो. आठवड्यातून एक दिवस बंदच असतं. सोसायटीला टँकर मागवावा लागतो.’ गृहस्थ डोंबिवलीचे होते.

आधी मालवणला का जाऊन येत नाही, असं मीच एकदा सुचवलं. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा शिकवणारं केंद्र आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास हौशी लोक रोज बुड्या मारतात. सरांनी माझ्याकडे नापास विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं. ‘तिथं दृश्यता कमी असते.’ स्वतःचा हात दिसत नव्हता अशा विहिरीतून गावाच्या घागरी काढलेला माणूस हे म्हणत होता. मग त्यांनी बालीतल्या तुलांबेनच्या बुडालेल्या जहाजाचं वर्णन सुरू केलं. जहाज अमेरिकेचं, ‘लिबर्टी’ नावाचं. १९४२ साली जपानी पाणबुडीनं टॉर्पेडो मारला, कसंबसं ओढत किनाऱ्याला आणलं. १९६३ साली आगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा ते घसरून पाण्यात गेलं. किनाऱ्यावरून चालत जाऊन बघता येतं. सर सांगत होते ते इतकं छान, की डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं.

तर असे हे सर न गेलेल्या सगळ्या ठिकाणांचे जाणकार आहेत, आणि त्यामुळे जाणारे लोक त्यांना विचारून जातात. मधुचंद्राला निघालेली डॉक्टर जोडपी येतात, पुण्यात कॉम्प्युटरवर पगार घेणारे जुने विद्यार्थी फोन करतात. सर महिना सांगतात, वारा सांगतात, प्रवाहाची दिशा सांगतात. फी घेत नाहीत. परत आल्यावर फोटो दाखवायला यायचं, एवढीच अट. फोटोंत काही चुकीच्या महिन्यात दिसलं तर ते त्यांना आवडत नाही.

गेल्या दिवाळीनंतर असाच एक विद्यार्थी कोह ताओला गेला. नोव्हेंबरात जायचं तर थायलंडचा पश्चिम किनारा धर, असं सरांनी बजावलं होतं. पण कोह ताओला कोर्स स्वस्त, आणि रजा तेव्हाचीच. चौथ्या दिवशी त्याचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही चारपाच जण सरांच्या ओट्यावरच होतो. पडद्यावर नुसतं राखाडी आभाळ आणि हलणारं नारळाचं झाड.

‘सर, इथं सारखा पाऊस चाललाय. बोटी निघेनात.’

सरांचा चेहरा असा फुलला, की आम्ही सगळेच जवळ सरकलो.

‘पडणारच! ईशान्य मोसमी वारे! एकाच देशाचे दोन किनारे आणि दोन पावसाळे. नववीला शिकवलं होतं तुला. तू शेवटच्या बाकावर झोपला होतास.’

‘व्हय सर. आता काय करू?’

‘किती मिलिमीटर झाला?’

‘काय की सर. रात्रभर लई झाला.’

‘६५ च्या वर गेला असला,’ सर म्हणाले, ‘तर पंचनामा करून घे.’