साठ अंशांवरून

आमच्या सोसायटीत त्यांना सगळे 'जाळीवाले सर' म्हणतात. नव्या भाडेकरूंना वाटतं, यांचा खिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवायचा धंदा असावा. एकाने तर चौरस फुटाचा दरही विचारला. सर न रागावता म्हणाले, "आमची जाळी डास नाही अडवत, आठ ते बारा गिगाहर्ट्झ अडवते." भाडेकरू 'बरं बरं' म्हणत जिना उतरला.

सर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात आणि उरलेल्या वेळात तांब्याची नक्षी काढतात. सर्किट बोर्डावर चौकोन, कड्या, क्रॉस एकसारखे ओळीने छापायचे. मग काही लहरी आरपार जातात, काही माघारी फिरतात. याला कुणी चाळण म्हटलं की संपलं! सर त्याला दंडाला धरून मायक्रोवेव्ह ओव्हनसमोर नेतात. "ही चाळण. आतली लहर बारा सेंटिमीटरची, दाराची भोकं मिलिमीटरची, म्हणून ती बाहेर येत नाही. माझी कडी घुमते! घेर साधारण तीन सेंटिमीटर ठेवला की दहा गिगाहर्ट्झच्या आसपास घुमते आणि तेवढंच परतवते. आता कडीच्या जागी फट ठेवा आणि बाकी सगळीकडे तांबं. जे अडत होतं, नेमकं तेच आरपार!" तोवर काकूंचा ओव्हनमधला भात गार झालेला असतो.

पण एकट्या कडीचा पट्टा, म्हणजे बॅन्डविड्थ, अरुंद. सरांना हवा रुंद. त्यासाठी थरावर थर, मध्ये पाव लहरीएवढं अंतर. दहा गिगाहर्ट्झला म्हणजे हवेत साडेसात मिलिमीटर. ते नीट राखायला नायलॉनचेच स्क्रू लागतात, धातूचे चालत नाहीत. त्यासाठी दर शनिवारी तपकीर गल्लीतल्या दुकानात फेरी. एकेक स्क्रू व्हर्नियरने मोजणारं हे गिऱ्हाईक दिसलं की दुकानदार डबाच पुढे सरकवतो.

घरात रात्रभर सिम्युलेशन चालू. कॉम्प्युटरवर चिठ्ठी: 'बंद करू नये. झाडू मारू नये.' त्यात एकाच कडीचं घर, म्हणजे युनिट सेल, काढायचं आणि ही नक्षी अनंतापर्यंत पसरली आहे असं धरून चालायचं. प्रत्यक्षात हातात येतो वीतभर पत्रा. मग निळ्या फोमच्या सुळक्यांनी भरलेल्या खोलीत तो दोन हॉर्न अँटेनांमध्ये टांगायचा आणि आलेख बघायचा. आलेख ठरल्या जागेपासून थोडा सरकलेला. सरांचा निकाल ठरलेला: "एफआर-फोरचा भरवसा नाही." ही तक्रार मी इतकी ऐकली आहे की एफआर-फोर हा कुणी हलगर्जी भाचा असावा, असं मला बरेच दिवस वाटत होतं; तो निघाला सर्किट बोर्डाचा माल.

टाइल्सच्या दुकानात काकू रंग बघतात, सर नक्षी कुठून पुन्हा सुरू होते ते. रेशमी साडी दिसली की अठराव्या शतकातली गोष्ट ठरलेली: फिलाडेल्फियात हॉपकिन्सन नावाच्या गृहस्थांनी रेशमी रुमालातून रस्त्यावरचा दिवा पाहिला, त्यांना रेघा दिसल्या आणि रिटनहाउस नावाच्या शास्त्रज्ञाने त्यावर समांतर केस ताणून प्रयोग केला. साडी नेसलेली बाई तोवर पंगतीला बसलेली असते. एका लग्नात अंतरपाट धरल्यावर सर माझ्या कानात म्हणाले, "ऐकू येतं, दिसत नाही. उत्तम फिल्टर." भटजींनी आमच्याकडे रागाने पाहिलं.

बेन मंक या ओहायोच्या प्राध्यापकांचं अशा जाळ्यांवरचं २००० साली आलेलं पुस्तक त्यांच्या देवघराशेजारी असतं. आणि अभिमान? व्हॉयेजर. १९७७ साली उडालेल्या त्या यानाच्या अँटेनातला छोटा आरसा एका पट्ट्याच्या लहरी परतवतो, दुसऱ्याच्या आरपार सोडतो. "म्हणून एकाच थाळीत दोन्ही कामं!" हे ते अशा थाटात सांगतात, की नायलॉनचे स्क्रू यांनीच पुरवले असावेत.

त्यांचा खरा आवडता प्रश्न मात्र एकच: "कोन किती?" समोरून येणारी लहर सगळेच सांभाळतात म्हणे, तिरकी आली की पट्टा सरकतो, आक्रसतो. म्हणून साठ अंशांवर बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. नवा वॉचमन, नवी गाडी, सोसायटीचा हिशेब, सगळ्याला हाच निकष. खजिनदार हल्ली सर दिसले की पाठ भिंतीला लावून उभा राहतो.

परवा सरांच्या मुलीला बघायला पाहुणे आले. सर मुलासमोर न बसता सोफ्याच्या टोकाला, खिडकीकडे सरकून बसले आणि अर्धा तास तिरके त्याच्याकडेच बघत राहिले. मुलगा पोह्यांवरून मान वर करायला धजेना. पाहुणे गेल्यावर निकाल आला: "समोरून छान. कडेनेही विशेष घसरण नाही."

मुलगी बापाचीच. म्हणाली, "आणि बॅन्डविड्थ?"

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "यांची अजून मोजून झाली नाही, त्याची एका बैठकीत कशी कळणार? उरलेले पोहे कोण संपवतंय?"