पावणेचार सेकंदांची गाडी आणि वेसाव्याची हवा

टॉप फ्युएल ड्रॅगस्टर ही जगातली सगळ्यात उतावळी मोटार. उभ्या जागेवरून सुटते, १००० फुटांची सरळ पट्टी पावणेचार सेकंदांच्या आत संपवते आणि टोकाला पोचते तेव्हा तिचा वेग ताशी ५३० किलोमीटरच्या वर गेलेला असतो. वळण नाही, चढ नाही, दुसरी फेरी नाही. अशा गाडीची १/१६ मापातली प्लास्टिकची प्रतिकृती वर्सोव्याच्या, म्हणजे वेसाव्याच्या, वन बीएचकेत बांधायची असेल, तर हौशी माणसाने एक वर्ष हाताशी धरावं. पहिल्यांदाच बांधणाऱ्याने दोन. एवढा दम नसेल त्याने अमेरिकेला जाऊन खऱ्या गाडीत बसावं. ते लवकर उरकतं.

कामाला हात घालण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना हा खेळ काय आहे ते समजावून सांगणं इष्ट. इथे अमेरिकेचे दाखले देऊ नयेत, बैलगाडा शर्यतीपासून सुरुवात करावी. सरळ घाट, एकच बारी, आणि निकाल सेकंदावर. विदर्भातला शंकरपटही तसाच. फरक इतकाच, की आपल्याकडच्या शर्यतीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायद्यातली दुरुस्ती वैध ठरवली. अमेरिकेत बैल नसल्यामुळे हा मधला काळ वाचला. तिथे वॉली पार्क्स यांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली, ती मुळात पोरांना रस्त्यावरच्या शर्यतींतून उचलून पट्टीवर नेण्यासाठी. आपल्याकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. वर्सोव्याच्या यारी रोडवर मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ लागू होतं. तसं ते लागू करण्याची वेळ सहसा येत नाही, कारण संध्याकाळी सात बंगल्याच्या सिग्नलपाशी रिक्षासुद्धा शर्यतीत भाग घेऊ शकत नाही.

आता खरेदी. असा किट बहुधा परदेशातूनच येतो, आणि तो येताना सरकार त्याच्याकडे फार आपुलकीने पाहतं. सीमाशुल्काच्या यादीत ९५०३ या शीर्षाखाली तीनचाकी सायकली, बाहुल्या आणि लहान मापाच्या प्रतिकृती एकत्र नांदतात. या शीर्षावरचं मूळ शुल्क फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ साली ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का सक्तीचा झाला. चाळिशीतल्या माणसाला आई ‘काय खेळणी घेऊन बसलास’ म्हणाली तर अपमान वाटतो. तेच मत कस्टम्सने दिलं की सत्तर टक्के मोजावे लागतात. आईचं मत स्वस्त आहे, हे अशा वेळी लक्षात येतं.

खोका हातात पडल्यावर तो उघडू नये. आधी टेप घेऊन घर मोजावं. खऱ्या टॉप फ्युएल गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३०० इंच, म्हणजे ७ मीटर ६२ सेंटिमीटर असतं. सोळाने भागलं की जवळजवळ ४८ सेंटिमीटर येतात. पुढचं नाक आणि मागचा पंख धरला तर आणखी वाढतात. १/८ मापाची हाव धरली तर हेच अंतर ९५ सेंटिमीटरवर जातं आणि गाडी ठेवायला पलंगाखेरीज जागा उरत नाही. मोनोग्राम कंपनीने १९६०च्या दशकात ‘बिग टी’ नावाची हॉट रॉड १/८ मापात काढली होती, पण ती आखूड होती आणि अमेरिकन घरांना गॅरेज असतं. वर्सोव्यात गॅरेज म्हणजे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत भांडणाचा विषय.

पुढचा निर्णय इंजिन कुठे हवं हा. १९६०च्या दशकातल्या ‘स्लिंगशॉट’ जातीच्या गाडीत इंजिन चालकाच्या पुढे आणि चालक मागच्या आसाच्याही मागे, दोन्ही पाय गिअरच्या भांड्यावरून टाकून बसलेला. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स पट्टीवर डॉन गार्लिट्स यांच्या ‘स्वॉम्प रॅट’ मालिकेतल्या तेराव्या गाडीचं ट्रान्समिशन सुटताक्षणी फुटलं, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. रुग्णालयात पडल्यापडल्या त्यांनी इंजिन चालकाच्या मागे नेण्याचा विचार पक्का केला. पुढच्याच वर्षी तशी बांधलेली नवी गाडी पोमोनाची विंटरनॅशनल्स शर्यत जिंकली आणि थोड्याच वर्षांत सगळ्या जगाची इंजिनं मागे गेली. त्यांची तिसावी ‘स्वॉम्प रॅट’ आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मॉडेल बांधणाऱ्याला पायाची भीती नसते, तेव्हा त्याने बेलाशक स्लिंगशॉट घ्यावी. तिच्यात सगळं उघडं असतं: नळ्यांचा सांगाडा, इंजिन, तारा, टाकी. लपवायला बोनेट नाही. तपशिलाची हौस भागवायची असेल तर याहून निर्लज्ज गाडी मिळणार नाही.

आता हवामान. या विषयावर किटच्या सूचनापत्रात एक ओळही नसते, कारण ते लिहिणाऱ्याने जुलैमध्ये वेसाव्याला रात्र काढलेली नसते. लॅकर जातीच्या रंगातलं द्रावण उडून जाताना पृष्ठभाग थंड करतं. हवा दमट असली की त्या थंड पृष्ठभागावर पाण्याचा सूक्ष्म थर बसतो आणि चकचकीत काळा रंग ताकासारखा पांढुरका दिसू लागतो. यावर परदेशी पुस्तकं आर्द्रतामापक घ्यायला सांगतात. वर्सोव्यात तो कोळीवाड्यात फुकट उपलब्ध आहे. बांबूंच्या वलांडीवर बोंबील लटकलेले दिसले तर रंग मारावा. बाया लगबगीने बोंबील काढायला लागल्या तर एअरब्रश धुऊन ठेवावा. या यंत्राला बॅटरी लागत नाही, आणि त्याचं वाचन नाकानेही घेता येतं.

वर्षाचं वेळापत्रकही तिथूनच उचलावं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्याच काळात रंगकामही बंद ठेवावं. बोटी किनाऱ्याला लागल्या की कोळी जाळी विणतात, दुरुस्त करतात. मॉडेलवाल्याने या दोन महिन्यांत भाग कापावेत, जोड घासावेत, सांगाड्याची नळी न् नळी वॉटर पेपरने गुळगुळीत करावी: आधी ४०० नंबर, मग ६००, मग १०००. सांगाडा सरळ आहे की पिळलाय हे टेबलावर ठेवून कळत नाही, काचेच्या तुकड्यावर ठेवून कळतं; टेबल स्वतःच पावसाळ्यात फुगलेलं असतं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ गेला म्हणून लगेच प्राइमर काढण्याची घाई करू नये. प्राइमरने दिवाळीची वाट पाहावी.

चिकटवण्याच्या बाबतीत मराठी माणसाचा फेव्हिकॉलवरचा विश्वास इथे निरुपयोगी ठरतो. फेव्हिकॉल लाकडाच्या रंध्रांत शिरून धरतो. किटच्या पॉलिस्टायरिनला रंध्रंच नाहीत. त्याला लागतं ते द्रावण, जे दोन्ही कडा विरघळवून एकमेकींत मिसळतं. हे प्लास्टिक घराला नवं नाही, कारण थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरिनच. गणपतीच्या मखराला ज्यांनी कधी घाईघाईत स्प्रेने सोनेरी रंग दिला आणि मग खांबाला पडलेली भोकं पाहिली, त्यांना चुकीचा थिनर काय करतो हे समजावून सांगायला नको. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि पुढच्या पिढीचं हे शिक्षण थांबलं. फेव्हिकॉल मात्र टाकून देऊ नये. चालकापुढच्या इवल्याशा पारदर्शक काचेला तोच लावावा. फेव्हिक्विकच्या वाफेने काच धुरकटते, फेव्हिकॉलने नाही. फटी बुजवायला एमसील चालतं, फक्त पाइप गळतोय म्हणून घरचे ते पळवणार नाहीत अशा जागी ठेवावं.

वर्सोव्याला राहण्याचा एक फायदा असा, की हा सगळा कारखानदारी वारसा मेट्रोच्या एकाच मार्गावर आहे. फेव्हिकॉलवाल्या पिडिलाइटचं कार्यालय अंधेरी पूर्वेला, आणि दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेल्या, २०११ पासून जपानच्या कोकुयोकडे गेलेल्या कॅम्लिनचंही तिथेच. तिथे जाऊन काही मिळत नाही, पण गाडी अंधेरी ओलांडताना मान आदराने तुकवायला हरकत नाही. शाळेतला कॅमलचा शून्य नंबरचा ब्रश या कामात शेवटपर्यंत साथ देतो. शाळेतले पोस्टर कलर देत नाहीत; सुकले की पापडी धरून सुटतात.

आणि मग इंजिन. इथे सहा महिने गेले तरी हळहळू नये.

किटमध्ये इंजिनाचा जो घाट मिळतो तो बरा असतो, पण तो मुका असतो. त्याला बोलतं करतात त्या तारा. स्पार्क प्लगची खरी तार साधारण ८ मिलिमीटर जाड, म्हणजे १/१६ मापात अर्धा मिलिमीटर. लॅमिंग्टन रोडवर वायर-रॅपिंगची ३० गेजची तार मागावी. आवरणासकट ती नेमकी तेवढीच भरते. दुकानदार ‘किती मीटर?’ असं विचारेल. ‘एक’ असं उत्तर दिल्यावर तो ज्या नजरेने पाहतो तिची सवय करून घ्यावी. क्रायस्लरच्या हेमी इंजिनात प्लग झाकणाच्या मधोमध बसतात, त्यामुळे तारा चोरून कुठेतरी चिकटवता येत नाहीत. ठिणगीचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. विषम सिलिंडर चालकाच्या डाव्या हाताला, सम उजव्या. हा क्रम चुकला तर आयुष्यभर कोणाच्याही लक्षात येणार नाही, एक माणूस सोडून. आणि तो माणूस नेमका प्रदर्शनात भेटतो.

इंजिनाच्या डोक्यावर बसलेला फुगीर ठोकळा म्हणजे ब्लोअर. त्याचं कूळ शर्यतीचं नाही. जनरल मोटर्सच्या ६-७१ या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनावरचा हा हवा ढकलणारा भाग: सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच, म्हणून ते नाव. ट्रक, बस आणि दुसऱ्या महायुद्धात सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या होड्या यांत हे इंजिन असायचं. युद्ध संपल्यावर असे ब्लोअर भंगारात आले आणि कॅलिफोर्नियातल्या पोरांनी ते आपल्या मोटारींवर चढवले. मढच्या फेरीच्या धक्क्यावर डिझेलचा धूर खाणाऱ्या वर्सोवावासीयाला ही वंशावळ परकी वाटू नये. ब्लोअरवर चकचकीत क्रोम असेल तर ते ब्लीचमध्ये बुडवून काढून टाकावं आणि ओतीव ॲल्युमिनियमचा मळकट रंग द्यावा. क्रोमचा मोह कठीण असतो. लग्नातल्या जेवणाच्या ताटासारखी झळकणारी इंजिनं फक्त खोक्यावरच्या चित्रात असतात.

इंधनाच्या नळ्या मात्र जाड घ्याव्यात, अगदी बेढब वाटतील इतक्या. कारण रासायनिक आहे. एक भाग पेट्रोल जाळायला १४.७ भाग हवा लागते. नायट्रोमिथेनच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असल्याने त्याला १.७ भाग पुरते. तेवढ्याच हवेत कितीतरी पट इंधन ओतता येतं, म्हणून पंपही दांडगा आणि नळ्याही दांडग्या. बारीक, सुबक नळ्या लावलेलं मॉडेल दिसायला छान असतं, पण ते पेट्रोलवर चालणारं आहे हे जाणकाराला लांबून कळतं. एक्झॉस्टच्या आठही नळ्यांची तोंडं चिमटीएवढ्या हातड्रिलने पोकळ करावीत. त्या वर आणि मागे वळलेल्या असतात, टायरपाशी कोंडलेला धूर उडवायला. बंद तोंडाचा एक्झॉस्ट ही या छंदातली अक्षम्य गोष्ट.

रंग फवारायला कॉम्प्रेसर आणला की सोसायटीचे सेक्रेटरी येतात. हा संवाद साधारण ठरलेला असतो.

‘हे काय चालवताय रात्रीचं?’

‘काका, छोटा कॉम्प्रेसर आहे. फ्रिजएवढाच आवाज.’

‘आमचा फ्रिज साडेअकराला घरघरत नाही.’

‘घरघरतो, काका. भिंतीतून येतो आम्हाला.’

यानंतर ब्रशने रंगवायला शिकावं.

टायर शेवटी बसवावेत, आणि तेही सावधपणे. मागचे रुंद, बिनखाचांचे ‘स्लिक’ किटमध्ये मऊ व्हिनाइलचे असतात. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि ज्या चाकावर टायर बसलाय त्याच पॉलिस्टायरिनला खाऊ लागतं. मुंबईच्या उकाड्यात ही प्रक्रिया आणखी उत्साहाने चालते. चाकाच्या कडेला आधी ॲल्युमिनियमची पातळ चिकटपट्टी लावावी. पुढची चाकं सायकलसारखी नाजूक असतात; त्यांचा शत्रू रसायन नसून झाडू आहे. कामवाल्या मावशींना गाडीची ओळख करून द्यावी, तिची किंमत मात्र सांगू नये. दडपणाखाली हात जास्त थरथरतो.

एवढं सगळं करून गाडी पुरी झाली, की घरातली मंडळी ‘आता बास ना?’ असं विचारतात. त्यांना पुण्याच्या भाऊ जोशींचं उदाहरण द्यावं. त्यांनी आयुष्यभर छोट्या रेल्वे बांधल्या आणि १९९८ साली कोथरूडला त्यांचं संग्रहालयच उघडलं. लोक आजही तिकीट काढून पाहायला जातात. हे उदाहरण जपून वापरावं. ऐकणारा ‘म्हणजे आता संग्रहालय?’ असं विचारू शकतो.

पाहुण्यांचे प्रश्न तीनच असतात. ‘रिमोट कुठंय?’ या प्रश्नाला हसून चहा पुढे करावा. ‘पळते का?’ असं कुणी विचारलं तर ३०० इंचांपासून सुरुवात करावी. पाहुणा नायट्रोमिथेनपर्यंत टिकत नाही. तिसरा प्रश्न ‘केवढ्याला पडली?’ हा नेहमी बायको किंवा नवरा खोलीत असतानाच येतो. तेव्हा फक्त लॅमिंग्टन रोडच्या एक मीटर तारेचा भाव सांगावा.