मुदतबाह्य

नवापूरच्या रेल्वे स्थानकात तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत, अशी ईश्वरी नसली तरी सरकारी व्यवस्था आहे. आणि फलाटावरील ज्या बाकाच्या मधोमध दोन राज्यांची सीमा जाते, त्या बाकावर, ती सीमा बरोबर आपल्या बैठकीखाली घेऊन, आमचे सर्कलसाहेब निवृत्तीनंतर रोज सायंकाळी बसत असत. तलाठ्यापासून मंडळ अधिकाऱ्यापर्यंत चढत गेलेल्या या गृहस्थांनी हयातभर इतरांच्या हद्दी मोजल्या. दोन सख्ख्या भावांत बांध दोन विती सरकला, तर भावांचा समेट करण्यापेक्षा वितींचा पंचनामा करणे त्यांस अधिक पवित्र वाटे. आणि मुदतीनंतर एक दिवसाने आलेला अर्ज, तो आणणारा दहा कोस पायी चालून का आलेला असेना, 'मुदतबाह्य' असा तांबड्या शाईचा शेरा घेऊनच परत जाई. निवृत्तीनंतर अशा मनुष्यास मोजण्याजोगे काही उरले नाही, तेव्हा त्यांनी स्वतःस मोजावयास घेतले.

निमित्त झाले रक्तातील साखरेचे. डॉक्टरांनी 'चालत जा' एवढेच सांगितले होते. परंतु हुकुमापेक्षा अंमलबजावणी मोठी करण्याची महसुली खोड जात नसल्याने, चालण्याचे धावणे झाले, धावण्यास सायकल जोडली गेली, आणि एके दिवशी पोहणेही सामील होऊन ट्रायथलॉन नामक त्रिदोष पूर्णत्वास गेला. या व्याधीचा उगम १९७८ साली हवाई बेटांवर झाला. पोहणारा, सायकलवाला आणि धावणारा यांत खरा दमदार कोण, या वादाचा निकाल तिन्ही कामे एकापाठोपाठ एक करून लावावा असे तेथे ठरले. पंधरा जण निघाले, बारा पोचले, आणि वाद अद्याप मिटलेला नाही. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, झुरिक येथे ही पूर्ण शर्यत पार पाडल्याचे वृत्त साहेबांनी कात्रण करून दप्तरात लावले होते. २०१९पासून गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर तिची निम्मी आवृत्ती भरू लागली: १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, मुदत साडेआठ तास. 'मुदत' हा शब्द वाचताच साहेबांनी नाव नोंदविले.

ही जात आता प्रत्येक तालुक्याच्या गावी एकेक तरी आढळते. मनगटावर कंपासपेटीएवढे घड्याळ, गालावर उन्हाने ओढलेली चष्म्याची आखणी, आणि 'कसे काय, बरे आहे ना?' या निरुपद्रवी प्रश्नास आदल्या रात्रीच्या गाढ झोपेची मिनिटे सांगून दिलेले उत्तर, ही तिची लक्षणे. नवापूरच्या तूरडाळीस भौगोलिक मानांकन आहे, तिच्या स्वादावर आमच्या पूर्वजांची गावजेवणे तरली. परंतु साहेब श्राद्धाच्या पंक्तीतही वरणाची वाटी उचलून तीत प्रथिने किती, एवढीच चौकशी करीत.

सरावाचा बंदोबस्त चोख होता. उकाई धरणाच्या फुगवट्यात पोहणे, महामार्गाने विसरवाडीवरून कोंडाईबारी घाटापर्यंत सायकल, आणि रंगावलीच्या काठाने धावणे. एकदा डोक्यावर मोळी घेऊन बाजारास निघालेल्या एका आदिवासी म्हातारीने त्यांना धापा टाकताना पाहून, कुठे निघालास, असे कळवळून विचारले. 'कुठेच नाही, परत घरीच येतो,' असे साहेबांनी सांगितले. तेव्हा म्हातारीने मोळी सावरीत त्यांच्याकडे अशा काही करुणेने पाहिले, की तेवढा आठवडा त्यांनी दुसरा रस्ता धरला.

उन्हाची मात्र त्यांना तिळमात्र धास्ती नव्हती. खान्देशचा वैशाख पचविलेल्या मनुष्यास गोव्याची पावसाळ्यानंतरची हवा काय करणार, हा त्यांचा सिद्धांत. आणि घाम हा गळण्यासाठी नसून वाळण्यासाठी असतो, वाळता वाळताच तो अंगातील उष्णता घेऊन जातो, ही गोष्ट त्या सिद्धांतात नमूद करावयाची राहिली होती. आमचे ऊन कोरडे. ते माणसास भाजते, पण घाम वाळवते. गोव्याची हवा मुळातच पाण्याने भरलेली; तीत घाम अंगावरून ओघळतो आणि उष्णता मात्र कूळ कायद्याने हक्क मिळालेल्या कुळाप्रमाणे आतच ठाण मांडते. वहिनींनी मात्र, ऊन ते ऊन, या न्यायाने सायकलीच्या पिशवीत एक कांदा ठेवला होता.

शर्यतीच्या दिवशी पोहणे निभावले. सायकलही निभावली, परंतु तीवर बसल्या बसल्या त्यांनी मिठाच्या गोळ्या 'पुढे लागतील' म्हणून शिलकी टाकल्या आणि नुसते पाणी रिचविले. पाणी फार आणि मीठ नाही, अशा अवस्थेत रक्तातील मीठ पातळ होऊन डोके भ्रमते, हे त्यांस धावण्याच्या मध्यावर कळले, जेव्हा रस्त्याकडेच्या माडांची खांबवार गणती करून ते त्यांचा सातबारा मागू लागले. स्वयंसेवकांनी सावलीत बसवून टोपीत बर्फ भरला, मीठ चाटविले. शुद्धीवर येताच साहेबांनी पहिला प्रश्न विचारला तो वेळेचा. उरलेले अंतर त्यांनी चालत, लंगडत, प्रसंगी कमरेवर हात ठेवून पार केले. कमानीखाली आले तेव्हा आठ तास छत्तीस मिनिटे झाली होती.

घरी परतल्यावर त्यांनी अपील लिहावयास घेतले. मजकूर मी वाचला आहे. हवेतील आर्द्रता, अर्जदाराचे वय, आणि 'केवळ सहा मिनिटांचा विलंब सहानुभूतीने क्षमापित करण्यात यावा' अशी विनंती. हयातभरात त्यांच्या टेबलावर आलेल्या शेकडो अर्जांतील सबबी जणू एकवटून आल्या होत्या. मी म्हणालो, 'साहेब, सहाच मिनिटे तर आहेत. पाठवा.' त्यांनी अर्ज परत घेतला, पुन्हा एकवार सावकाश वाचला, आणि खिशातील तांबड्या शाईचे पेन काढले.

पेन बराच वेळ समासावर थांबले होते. 'त्या लोकांपैकी,' ते अखेरीस म्हणाले, 'पुष्कळसे खरोखरच चालत आलेले असत हो.'

मग त्यांनी समासात आपला तो ठेवणीतला शब्द लिहिला, त्याखाली 'दप्तरी दाखल' असे लिहून सही केली, आणि न वापरलेला कांदा वहिनींच्या स्वाधीन करून, किती वाजले ते न पाहता, स्टेशनकडे चालू लागले.